चार तासांची हजेरी

आप्पा केस कापायला गेले आहेत याची दोनदा खात्री करून घेतल्यावर शनिवारी सकाळी नऊ वाजता घरातली चार माणसं खाली ऑफिसात जमली आणि दार आतून लावून घेतलं. या घरात दारं आतून लागण्याचे प्रसंग फार थोडे. वाटणीच्या वेळी एकदा लागलं होतं. तेव्हा निदान आरडाओरडा तरी झाला होता. या वेळी कोणी आवाजच चढवत नव्हतं, आणि सूनबाईंना त्याचीच जास्त भीती वाटत होती.

अकाउंटंटांच्या संस्थेच्या परीक्षक बाई अकराला येणार होत्या.

पत्र मंगळवारी आलं. दरवर्षी सभासदांच्या शिक्षणाच्या तासांची पडताळणी होते, यंदा निवडलेल्या वीस जणांत आपण आहात, परीक्षक प्रत्यक्ष येऊन भेटतील. पत्रात एवढंच होतं. आप्पांना आनंद झाला. "बघा, शेहेचाळीस वर्षांनीसुद्धा आठवण ठेवतात," असं म्हणून त्यांनी ते सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं आणि शनिवारी केस कापायचं ठरवून टाकलं. साहेबासमोर जायचं तर मान स्वच्छ हवी, हा त्यांचा जुना नियम. कागद स्वच्छ असतात हे ते धरूनच चालत.

तेच पत्र सूनबाईंनी जिन्यात उभ्याने वाचलं आणि त्या तिथेच पायरीवर बसल्या.

घरात सनदवाले अकाउंटंट दोन, आप्पा आणि सूनबाई. अकाउंटंटने सनद राखायची तर वर्षाला चाळीस तास शिकत राहायचं, असा संस्थेचा नियम आहे. कायदे बदलतात, करांचे फॉर्म बदलतात, तेव्हा नियमात गैर काही नाही. आप्पा हॉलमधल्या परिसंवादांना आवडीने जात, पहिल्या रांगेत बसत, वक्त्याने कलम चुकीचं सांगितलं की हात वर करत. पण हल्ली बहुतेक तास कॉम्प्युटरवर भरतात. व्याख्यान आपोआप चालू राहतं, आणि माणूस उठून जाऊ नये म्हणून दर वीस मिनिटांनी पडद्यावर एक चौकट उघडते: 'आपण उपस्थित आहात का?' साठ सेकंदांत 'हो' दाबलं की माणूस उपस्थित. शेजारी 'नाही' असाही एक पर्याय दिलेला असतो. तो कोणासाठी, हे संस्थेलाच ठाऊक.

"पडद्याकडे बघत बसायला मी काय सिनेमाला आलोय?" असं आप्पा तीन वर्षांपूर्वी म्हणाले. त्याच संध्याकाळी चिरंजीव बायकोला म्हणाले, "तुझं चाललंच आहे, तर शेजारच्या मशीनवर आप्पांचंही लावून ठेव." चिरंजीव हे काही त्यांचं नाव नव्हे. आप्पा प्रत्येक अशिलाला 'हे आमचे चिरंजीव' अशी ओळख करून देत, ती इतकी चिकटली की अशीलही त्यांना फोनवर "चिरंजीव आहेत का?" असंच विचारत. तर चिरंजीवांनी सांगितलं आणि सूनबाईंनी लावून ठेवलं. तीन वर्षं त्या दोन माणसांच्या वतीने उपस्थित होत्या.

"पुन्हा एकदा दाखव," सासूबाई म्हणाल्या.

चिरंजीवांनी लांब टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक संस्थेची यादी: बारा तारीख, सकाळी दहा ते दुपारी दोन, विषय व्यावसायिक नीतिमत्ता, उपस्थिती पूर्ण. दुसरा कागद याच ऑफिसचा, याच ऑफिसच्या शिक्क्याचा. कर कार्यालयाला दिलेला मुदतवाढीचा अर्ज: आमच्या ज्येष्ठ भागीदारांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया असल्याने सुनावणी पुढे ढकलावी. सोबत दवाखान्याचा दाखला. तीच बारा तारीख, सकाळी नऊ ते दुपारी अडीच, पूर्ण भूल.

"म्हणजे आप्पा बेशुद्ध होते आणि नीतिमत्ता शिकत होते," भूलताई म्हणाली.

भूलताई ही सूनबाईंची नणंद. ती त्याच दवाखान्यात भूल देण्याचं काम करते, म्हणून घरात हे नाव. त्या दिवशी भूल दुसऱ्याने दिली होती, पण दाखल्यावर सही हिची होती.

"हसू नको," चिरंजीव म्हणाले.

"हसत नाहीये. हा अर्ज लिहिला कोणी?"

अर्ज सूनबाईंनीच लिहिला होता. त्याच दिवशी, त्याच टेबलावर, सासऱ्यांच्या काळजीत, दोन 'हो'च्या मधल्या वीस मिनिटांत. मुदतवाढ मागायची म्हणजे पुरावा जोडायचा आणि त्यावर तारीख-वेळ ठळक हवी. इतक्या वर्षांची हाताची सवय. संध्याकाळी दाखला हाती आल्यावर तीही ठळक केली होती.

"तो अर्ज परत नाही घेता येणार?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, कर कार्यालयात गेलेला कागद परत येत नसतो. पण एक मार्ग आहे." चिरंजीवांनी खुर्ची बहिणीच्या जवळ ओढली. ते खुर्ची ओढतात तेव्हा काहीतरी मागायचं असतं. "तू दुसरा दाखला दे. कमरेखालची भूल होती, पेशंट जागा होता, हातात फोन होता."

"आणि गुडघ्यावर हातोडी चालू असताना बारा वेळा 'हो' दाबत होता?"

"दहा वेळा म्हण. दोन नर्सने दाबले."

"दादा, तुला कळतंय का तू काय बोलतोयस? पहिला दाखला रेकॉर्डला आहे. मी दुसरा दिला तर तुमच्याआधी माझं रजिस्ट्रेशन जाईल."

"घरच्यासाठी एवढं नाही करणार?"

"घरच्यासाठीच खरा दाखला दिला होता, तुम्हाला मुदत मिळावी म्हणून. मिळाली ना?"

सूनबाई स्टेपलर सरळ करत होत्या. तो आधीच सरळ होता. भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी होते, आणि मिनिटकाटा एकेक मिनिट सरकताना जो बारीक खट् आवाज करत होता तो लग्न होऊन या ऑफिसात आल्यापासूनच्या नऊ वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

"मग कोणीतरी चूक पत्करायला हवी," सासूबाई हळूच म्हणाल्या. त्या कधी कोणाकडे बघून असं बोलत नसत. याही वेळी त्या खिडकीकडे बघत होत्या. "ज्याचं वय लहान, त्याला सावरायला वेळ असतो."

चिरंजीवांनी हे वाक्य अलगद उचललं. "आई म्हणते ते व्यवहाराला धरून आहे. हे बघ," आता त्यांची खुर्ची बायकोकडे वळली, "ऑफिसला सही एक पुरते. तू सांगायचंस, आप्पांना कल्पना नव्हती, मी परस्पर केलं. तुझी सनद दोन वर्षं, फार तर तीन वर्षं जाईल. आप्पांची राहील. ऑफिस चालू."

"मी परस्पर केलं?" सूनबाईंनी विचारलं.

"म्हणजे कागदावर."

"आणि दादा, तुझं काय जाईल?" भूलताईने विचारलं.

"माझं काय जाणार? माझ्याकडे सनद आहेच कुठे!" चिरंजीव म्हणाले. शेवटच्या परीक्षेला ते पाच वेळा बसले होते, आणि पाचव्या वेळी शेजारच्या बाकावर बसलेली मुलगी पास होऊन पुढे त्यांची बायको झाली. तो इतिहास जुना आहे. पण सनद नसणं ही दूरदृष्टी असल्याच्या थाटात त्यांनी तो आज प्रथमच सांगितला.

"नाहीतर दुसरं," ते पुढे म्हणाले, "काहीच बोलायचं नाही. त्या बाईंना दवाखान्याचं काय माहीत? यादी दाखवतील, आप्पा सही करतील, चहा पितील, जातील."

"आणि उद्या दोन्ही कागद एका टेबलावर आले तर? खोट्या यादीवर आप्पांची सही असेल," सूनबाई म्हणाल्या. "आत्ता ते यात कुठेच नाहीत. सही केली की ते गुन्हेगार."

"येतील कशाला एका टेबलावर?"

"आत्ता आलेत."

त्यावर चिरंजीवांनी दवाखान्याचा दाखला उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. झालं, आता एका टेबलावर नव्हते. सूनबाई त्या खिशाकडे बघत राहिल्या. या माणसाशी आपण भांडलो आहोत, रुसलो आहोत, पण याला कधी घाबरलो नव्हतो, असं त्यांच्या मनात आलं.

भूलताईचा फोन वाजला. दवाखान्यातून बोलावणं होतं. दाराशी जाताना ती वहिनीच्या खांद्याला धरून म्हणाली, "वहिनी, माझं नाव निघालं तर मी खरंच सांगणार. तुमच्याविरुद्ध म्हणून नाही. मला दुसरं काही येत नाही."

"मलाही येत नव्हतं," सूनबाई म्हणाल्या.

ती गेली आणि दार पुन्हा लागलं. पावणेअकरापर्यंत बाकीच्या तिघांचं ठरलं ते असं, की काहीच बोलायचं नाही. म्हणजे तसं कोणी म्हणालं नाही. फक्त सासूबाई चहाचं बघायला उठल्या. या घरातले मोठे निर्णय असेच होतात.

आप्पा आले ते पावडरचा वास घेऊन. मान लाल, कॉलर कडक, काठीला नवं रबर. "काय रे, दार का लावलं होतं?" त्यांनी विचारलं.

"वारा होता, आप्पा," चिरंजीव म्हणाले.

खिडकीबाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. आप्पांनी बाहेर बघितलं, मुलाकडे बघितलं आणि ते आपल्या खुर्चीत बसले.

बरोबर अकराला घंटी वाजली. सूनबाईंच्या डोळ्यांसमोर चार दिवस एक उंच, करड्या आवाजाची बाई उभी होती. प्रत्यक्षात आल्या त्या बुटक्या, सर्दी झालेल्या, पस्तिशीच्या बाई; एका हातात बॅग, दुसऱ्यात रुमाल. आल्या आल्या त्यांनी आप्पांना वाकून नमस्कार केला.

"सर, तुम्हाला आठवणार नाही. मी शिकत असताना तुम्ही एका परिसंवादात वक्त्याला घसाऱ्याच्या कलमावरून अडवलं होतं. आम्ही मागच्या रांगेत टाळ्या वाजवल्या होत्या."

"त्याने जुनं कलम वाचलं होतं," आप्पा म्हणाले. अपमान काल झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "बदल होऊन आठ महिने झाले होते!"

चहा आला. बाईंनी दोनदा शिंकून माफी मागितली आणि फाइल उघडली. चिरंजीव आप्पांच्या उजव्या हाताला उभे, सूनबाई डाव्या. सासूबाई ट्रे घेऊन दारातच थांबल्या होत्या. ट्रेमधल्या रिकाम्या बशा एकमेकींवर किणकिणत होत्या.

"तसं काळजीचं काही नाही," बाई म्हणाल्या. "सरांना तर चाळीस तासांची अटच नाही."

बशांचा आवाज थांबला.

"नाही म्हणजे?" चिरंजीवांनी विचारलं.

"सत्तरी ओलांडलेल्या सभासदांना दहा तास पुरतात. चार वर्षं झाली नियमाला. सरांचे नुसत्या हॉलमधल्या परिसंवादांचेच सोळा आहेत. आणि आजारपण, ऑपरेशन वगैरे असेल तर तेही माफ होतं. एका पानाचा अर्ज करायचा, बस." त्यांनी नाक पुसलं. "खरं तर सरांसारखी माणसं सवलत असूनही चाळीस पूर्ण करतात याचं आम्हाला कौतुकच वाटतं."

सगळ्या पंचक्रोशीला सवलती शोधून देणारं हे ऑफिस. विधवांना, अपंगांना, नव्या उद्योगांना, जुन्या विश्वस्त निधींना, एकदा तर एका पोपट पाळणाऱ्यालासुद्धा. कायद्याच्या कुठल्या कोपऱ्यात कोणती माफी दडून बसली आहे हे आप्पा झोपेत सांगत. आणि आपल्या स्वतःच्या संस्थेचं दोन पानी परिपत्रक तिघांपैकी कोणीही उघडून वाचलं नव्हतं. जे भरायचंच नव्हतं ते सूनबाईंनी तीन वर्षं खोटं भरलं होतं. त्यांना वाटलं आपण आता हसणार, आणि हसलो तर थांबणार नाही. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

चिरंजीवांच्या चेहऱ्यावर मात्र रंग परत आला होता. "म्हणजे झालंच," ते म्हणाले.

"झालंच. फक्त ही यादी. यात दाखवलेले सगळे तास मी स्वतः उपस्थित राहून पूर्ण केले, अशी खाली एक ओळ आहे. तिथे सही, सर."

आप्पांनी चष्मा बदलला. पेन उघडलं, पण कागदाला लावलं नाही. न वाचता सही केलेला कागद त्यांच्या आयुष्यात एकच, लग्नाच्या नोंदणीचा, आणि तेही नवरी, म्हणजे आताच्या सासूबाई, घाई करत होत्या म्हणून. डाव्या हाताचं बोट पहिल्या ओळीवर ठेवून ते वाचू लागले.

"परिसंवाद, पाच तारीख. हो, गेलो होतो. खुर्च्या वाईट होत्या." बोट खाली सरकलं. "पुढचा महिना, दोन दिवसांचा. बरोबर." आणखी खाली. मग कॉम्प्युटरवरचे तास सुरू झाले. तिथे बोटाचा वेग मंदावला. एक ओळ, दुसरी ओळ. आप्पा आता बोलत नव्हते, आणि सूनबाईंना ते बोट सोडून खोलीत दुसरं काही दिसत नव्हतं. चार ओळी राहिल्या. तीन.

"बारा तारीख," आप्पा म्हणाले. बोट थांबलं. "दहा ते दोन. नीतिमत्ता." त्यांनी मान वर केली. "बारा तारखेला मी कुठे होतो?"

"इथेच, आप्पा. ऑफिसात," चिरंजीव म्हणाले. अगदी सहज, पाणी हवंय का विचारावं तसं.

"त्या महिन्यात गुडघ्याचं झालं ना?"

"ते त्यानंतर. शेवटच्या आठवड्यात."

"असं?" आप्पांनी कपाळाला हात लावला. "मला वाटत होतं... बारालाच मला गाडीत घालून नेलं. सकाळी गार होतं, हिने शाल दिली होती." त्यांनी दाराकडे, बायकोकडे बघितलं.

सासूबाई ट्रेकडे बघत होत्या.

"तुम्हाला त्या औषधांनी तारखा नीट आठवत नाहीत, आप्पा. डॉक्टर म्हणालेच होते," चिरंजीव म्हणाले.

ज्या माणसाला तीस वर्षांपूर्वीचा आदेश तारखेसकट पाठ होता, तो माणूस आपल्याच डोक्यात काहीतरी चाचपत होता आणि ते तिथे असूनही त्याला सापडत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक भीती आली. सूनबाईंनी ती लगेच ओळखली; चार दिवस त्यांनी आरशात भीतीच बघितली होती. पण त्यांची भीती सनद जाण्याची होती. ही त्याहून खूप मोठी होती आणि पूर्ण खोटी होती, आणि ती या घराने हाताने आणून आप्पांसमोर ठेवली होती.

"असेन मग," आप्पा म्हणाले आणि पेनाचं टोक कागदाला टेकवलं.

"आप्पा, थांबा."

आवाज आपलाच आहे हे सूनबाईंना अर्ध्या क्षणाने कळलं.

"तुम्हाला बरोबर आठवतंय. बाराच तारीख होती. शालही होती. ती ओळ तुमची नाही, माझी आहे."

"अगं, काय बोलतेस तू?" चिरंजीव.

"कॉम्प्युटरवरच्या सगळ्या ओळी माझ्या आहेत. तीन वर्षांच्या. तुमच्या जागी 'हो' मी दाबत होते." त्यांना बसायचं होतं, पण खुर्ची कुठे आहे ते त्यांना दिसेना. "दवाखान्याचा दाखला यांच्या खिशात आहे."

परीक्षक बाईंनी रुमाल खाली ठेवला. त्यांनी कोणावर डोळे वटारले नाहीत. त्यांनी नुसतं एक कोरं पान घेतलं, आणि त्या पानाने खोली एकदम गार झाली.

"तुमचा सनद क्रमांक?"

सूनबाईंनी सांगितला. बोलताना मधला एक आकडा चुकला, तो त्यांनी परत सांगितला.

"ऑफिसात हे आणखी कोणाला माहीत होतं?"

सूनबाईंनी नवऱ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ती विनवणी झाली असती.

"मला आज सकाळीच कळलं," चिरंजीव म्हणाले. दोन्ही कागद एकाच तारखेचे आहेत हे खरंच त्यांना आज सकाळी नीट कळलं होतं. अशा उत्तराला या धंद्यात 'तांत्रिकदृष्ट्या बरोबर' म्हणतात, आणि ते कसं द्यावं हे त्यांना सूनबाईंनीच शिकवलं होतं.

बाई लिहू लागल्या.

"माझंही लिहा," आप्पा म्हणाले.

"सर, तुम्हाला तर..."

"मला माहीत होतं, असं लिहा. दर वर्षअखेरीस ही येऊन सांगायची, आप्पा, चाळीस झाले. मी म्हणायचो, छान. सोळा तास बसलेल्या माणसाचे चाळीस कुठून झाले, हे मी तीन वर्षं विचारलं नाही. अशिलाने असं केलं तर मी त्याला काय म्हणतो, विचारा यांना. विचारलं नाही म्हणजे माहीतच होतं." त्यांनी पेन बंद केलं. "माझा क्रमांक चार आकडी आहे. तेव्हा सभासदच तेवढे होते."

"आप्पा!" चिरंजीवांचा आवाज फाटला. "अहो, दोघांच्या गेल्या तर राहिलं काय?"

"सुनावणी होईल," परीक्षक बाई म्हणाल्या. "तारीख कळवू. तोवर दोघांनीही कुठल्याही कागदावर सनदेची सही करायची नाही. आजपासून."

"सोमवारी रिटर्न भरायची शेवटची तारीख आहे ना रे?" सासूबाईंनी दारातून विचारलं. "मग सह्या कोण करणार?"

सगळ्यांनी चिरंजीवांकडे बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ऑफिसला त्यांच्या सहीची गरज होती. त्यांनी स्टेपलर उचलला, उघडला, बंद केला. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

आप्पांनी काठीने शेजारची खुर्ची सूनबाईंच्या दिशेने ढकलली. त्या बसल्या. बाई नाक ओढत लिहीत होत्या.

"सूनबाई," आप्पा हळू आवाजात म्हणाले, "त्या चार तासांत शिकवलं तरी काय?"

सूनबाईंनी आठवून बघितलं. बाईंचं पेनही थांबलं होतं.

"माहीत नाही, आप्पा," त्या म्हणाल्या. "आवाज बंद ठेवला होता."

बाईंनी तेही लिहून घेतलं.